गोळी आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा

"डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या." ओझर, नारायणगाव, मंचर, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, हे वाक्य कानावर पडणारच. टोमॅटोची तोडणी किंवा कांद्याची लागण सुरू असली तर जास्तच, कारण एक दिवस आडवं पडलं की हजेरी बुडते. म्हणून आधी त्या बाटलीत असतं काय ते सांगतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी सगळं पाणी. ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. बाजरीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद असते, आणि भाकरीला सुई लागत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, पोटात काही ठरत नाही, अशा वेळी हीच बाटली जीव वाचवते. महिना-दोन महिने रेंगाळलेल्या थकव्यावर मात्र ती काही करत नाही.

तेव्हा सलाईन मागण्याआधी एक प्रश्न विचारा: माझं हिमोग्लोबिन किती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे तोडणीला निघालेल्या टेम्पोत निम्म्या बाया तशाच असणार. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, नखं-डोळे पांढुरके दिसतात, ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. एक लक्षण मात्र बाया लाजेपोटी सांगत नाहीत. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. ही वाईट खोड नव्हे, अंगातलं लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते. सुनेला रागावण्याआधी तिचं रक्त तपासा.

रक्त कमी निघालं की लोहाच्या गोळ्या मिळतात. गरोदर बाईला रक्त कमी नसलं तरी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. शाळेतल्या मुलींची निळी गोळी आठवड्यातून एकदा. आशाताई त्या घरपोच देतात, आणि अनेक घरांत त्या फडताळात तशाच पडून राहतात. का, तर मळमळतं, शौचाला काळं होतं, खडा होतो. गोळीमुळे काळं होणं साहजिक आहे, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या.

खरा घोळ पुढे आहे. गोळी घेतली आणि वर कपभर चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात जात नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आपल्याकडे त्याची सोय आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात. हिरड्यात टॅनिन भरपूर, म्हणून तो कातडी कमवायलाही वापरतात. हिरड्याची पूड पाण्यात कालवा आणि त्यात गंजका खिळा टाकून ठेवा. पाणी काळं पडत जातं. पूर्वी शाई आणि कापडाचा काळा रंग याच मेळातून करत. चहा आणि गोळी एकत्र घेतली की पोटात हेच घडतं. आणि गंमत बघा, गोळीने खडा झाला म्हणून आजी रात्री हिरड्याचं चूर्ण देते. चूर्ण घ्यायचंच असेल तर गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्या आणि चूर्ण रात्री. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिरडा घेऊ नये.

शेतावर किटली फिरते ती फिरू दे. फक्त गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर नको, एक दुपारी घेतली तर दुसरी रात्री. लिंबू मात्र हवं. डाळीवर, पालेभाजीवर पिळलं की त्यातलं लोह जास्त लागू पडतं.

संकष्टीचं सांगायलाच हवं, ओझर हे विघ्नहर गणपतीचं गाव आहे. दिवसभर चार-पाच कप चहा आणि चंद्रोदयानंतर साबुदाणा, असा उपवास अंगात रक्त कमी असलेल्या बाईला परवडत नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ दाणा, त्यात लोह जवळपास नाहीच. राजगिरा, शेंगदाणे उपवासाला चालतात, ते खा. बीट लाल म्हणून रक्त वाढतं, हा रंगावरून काढलेला अंदाज आहे. गुळात लोह असतं, पण चिमूटभर गुळाने फरक पडत नाही, आणि किलोभर खाल्ला तर साखर वाढेल. त्यापेक्षा आपली बाजरी भली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'धनशक्ती' नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण काढलं आहे. बी घ्यायला जाल तेव्हा त्याची चौकशी करा.

शाकाहारी माणसाला हातापायांना मुंग्या येत असतील, तळपाय बधिर वाटत असेल, तर बी-१२ तपासून घ्या. ते धान्य-भाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मटण, मासळी यांतून मिळतं. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे घ्या. वर्षभर स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

कंबर-गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेऊ नका. तिने पोटात जखम होते, तिथून थोडं थोडं रक्त जातं आणि माणूस अशक्त होतो. मग त्या अशक्तपणावर टॉनिक सुरू होतं, दुखण्याची गोळीही चालूच राहते. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले आणि पुढे हळूहळू चेहरा गोल फुगत गेला, तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता धरा. पण ती एकाएकी बंदही करू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

काही गोष्टींसाठी थांबायचंच नाही. लोहाची गोळी चालू नसताना शौचाला डांबरासारखं काळं होणं, पाळीत रक्ताच्या गाठी पडणं, बसल्या जागी धाप लागणं. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचं रक्त कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका, कुठून जातंय ते शोधायला लावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर थुंकी तपासा, ती तपासणीही सरकारी दवाखान्यात फुकट होते.

गोळ्या सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा रक्त तपासा. साधारण एक-दीड ग्रॅमने वाढलं असेल तर ठीक चाललंय. आकडा बरोबर झाल्यावरही गोळ्या तीन महिने चालू ठेवायच्या, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो. नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमियासह इतर तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि गोळ्यांचं पाकीट पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. लाल गोळी लिमलेटसारखी दिसते, दोन-तीन वर्षांच्या पोराने मूठभर खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर उलटीची वाट न बघता पाकिटासकट थेट रुग्णालय गाठा.