ग्रीक कोणी शिकायचे?

अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ पासून कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचे मोठे केंद्र. २०२१ मध्ये या विद्यापीठाने प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृतीचा स्वतंत्र विभाग बंद करायचे ठरवले. गुलाम बाळगणाऱ्यांचे ज्ञान ते, गेले तर गेले, असे आपल्यातल्या काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही.

हा विषय निष्पाप नाही, हे आधीच मान्य करू. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात मांडले. जन्माने ठरणारी ही पायरी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. सोळाव्या शतकात स्पेनच्या सेपुलवेदाने याच विचाराच्या आधारे अमेरिकेतील आदिवासींवरील युद्धाचे समर्थन केले.

पण याच विषयाची दारे बंद ठेवून काळ्या माणसाची लायकीही मोजली गेली. ग्रीक व्याकरण जाणणारा काळा माणूस दाखवा, मग त्याला माणूस मानू, अशा अर्थाचे सेनेटर कॅल्हून बोलल्याचे ॲलेक्झांडर क्रमेल यांनी नोंदवले आहे. विल्यम स्कारबरो यांचे आयुष्यच त्याला उत्तर ठरले. १८५२ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्म, चोरून गिरवलेली अक्षरे आणि १८८१ मध्ये स्वतः लिहिलेले ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक!

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. म्हणून त्यांनी संस्कृत ग्रंथांकडे पाठ फिरवली का? उलट त्याच ग्रंथांची उलटतपासणी करून ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा सवाल उभा केला. रोमचा इतिहासही त्यांनी सोडला नाही. धर्माचा धाक लोकांचे राजकीय हक्क कसे पोकळ करतो, हे ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी रोमच्या प्लेबियन जनतेच्या उदाहरणाने दाखवले.

विभाग बंद केल्याने ॲरिस्टॉटल संपत नाही. श्रीमंत विद्यापीठांत तो शिकवला जाणारच. फक्त त्याला प्रश्न विचारणारे गुलामांचे वारस वर्गात नसतील. शिवाय याच अभ्यासात गुलाम म्हणून जगलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस आहे, स्पार्टाकसचे बंड आहे. ते कोणाच्या नजरेने वाचले जाणार, हा खरा प्रश्न आहे.

मित्रांनो, ज्ञान कोणाची मिरासदारी नाही. विषय सोडून देणे म्हणजे मिरासदारांना तो आंदण देणे. आपण वर्गात बसावे, मूळ भाषा शिकावी आणि जाब विचारावा.

जय भीम!