अक्षर छान, उत्तर चूक

संगणकावरच्या विमानाला "खेळ" म्हटलं की आमचा नातू रागावतो. "आजी, हे सिम्युलेटर आहे, खऱ्यासारखं उडतं!" खऱ्यासारखं म्हणतोस ना, मग तपासू या, म्हटलं. शाळेत इतकी वर्षं वह्या तपासल्यावर ही खोड जात नाही.

मूळ सिम्युलेटरला जोडायची वेगळी विमानं विकत मिळतात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. नातवाने असंच एक सेस्ना १७२ घेतलंय (कंपनीचं नाव घेत नाही). दिसायला अप्रतिम! पत्र्यावरचे रिव्हेट मोजून घ्यावेत. पण उडायला लागलं की सगळा आनंद. खऱ्या १७२ एस विमानाची पुस्तिका सांगते की पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात ते मिनिटाला ७३० फूट चढतं. हे चढतं बाराशेच्या वर. ४० अंशांना खरं विमान साडेसहाशेच्या आसपास येतं, कारण तापलेली हवा विरळ. पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी. आमच्या शेजारच्या जुहूहून, जिथे १९३२ साली जे. आर. डी. टाटा टपालाचं विमान घेऊन उतरले, तिथून मे महिन्यातल्या दुपारी निघा की डिसेंबरच्या पहाटे, या ॲड-ऑनला फरक नाही. टाक्या भरा, रिकाम्या ठेवा, वळतं तसंच. आमच्या दांड्यातल्या कुणाही कोळ्याला विचारा, रिकामी होडी आणि मासळीने भरलेली होडी सारखी वळते का?

असं का होतं? विमानाचं रूप घडवणं एक काम, त्याचं उडणं आकड्यांत बसवणं दुसरं. जाहिरातीत रूप दिसतं, आकडे दिसत नाहीत. सुवाच्य अक्षरासाठी पूर्ण गुण आणि उत्तर कुणी वाचायचंच नाही, असा हा प्रकार.

"खेळच तर आहे" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. वरून मुंबई बघायची असेल तर खुशाल बघा. पण ज्या मुलाला पुढे वैमानिक व्हायचंय, त्याच्या हाताला चुकीची सवय लागते. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं "सम्राट अशोक" सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. बाहेर काळोख, क्षितिज दिसत नव्हतं. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला. घरच्या ॲड-ऑनची त्या अपघाताशी तुलना नाही. पण समोरचा काटा जे दाखवतो ते माणूस खरं मानतो, मुलं तर मानतातच.

घरच्या जॉयस्टिकला खऱ्या विमानाचा जडपणा येणार नाही, ते मी मागतही नाही. मात्र चढण्याचा वेग, इंधनाचा खर्च, किती वेगाला विमान पंखांचा आधार सोडतं, हे आकडे जुळवता येतात. विकणाऱ्याने पुस्तिकेतले आकडे आणि आपल्या विमानाचे आकडे शेजारी शेजारी छापावेत, एवढंच म्हणणं.

तोवर मंडळी, तुमच्या घरी असं विमान असेल तर घड्याळ, कागद, पेन्सिल घेऊन बसा. पूर्ण वजन ठेवा, एक मिनिट मोजा, आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.