श्रद्धेला साक्षीदार कशाला?

दि. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील 'सर्न' या प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनशी जुळणारा मूलकण सापडल्याची घोषणा केली आणि जगभरातील वृत्तपत्रांत 'देवाचा कण सापडला' असे मथळे झळकले. हे नाव रूढ झाले ते लिऑन लेडरमन या शास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकामुळे. ज्यांच्या नावाने हा कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांना मात्र ते मुळीच पसंत नव्हते. मूलकणांना वस्तुमान कसे प्राप्त होते, एवढ्याच प्रश्नाशी त्या शोधाचा संबंध होता. तरीही कोणाला त्यात ईश्वराचा पुरावा दिसला, तर कोणाला ईश्वराची गरज संपल्याची ग्वाही मिळाली. आपल्याकडे सर्नच्या प्रांगणातील नटराजाच्या मूर्तीकडे बोट दाखवून पदार्थविज्ञानाने हिंदू तत्त्वज्ञान मान्य केल्याचे सांगणारेही कमी नाहीत. वास्तविक ही मूर्ती म्हणजे भारत सरकारने २००४ साली दिलेली स्नेहभेट आहे. भारताचा अधिक सखोल वाटा 'बोसॉन' या शब्दातच आहे. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेल्या गणिती कार्याचा तो गौरव आहे.

ईश्वरासाठी पदार्थविज्ञानाची साक्ष काढण्याचा मोह केवळ सामान्यांनाच होतो असे नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना, विश्वाला आरंभ होता हे आधुनिक खगोलशास्त्र दाखवीत असून ते निर्मात्याकडेच बोट दाखवते, असे प्रतिपादन केले. या भाषणाने अस्वस्थ झालेल्यांत अग्रभागी होते ते जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे हे शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी १९२७ साली आणि आदिम अणूची कल्पना १९३१ साली त्यांनीच केली होती. म्हणजे ज्या सिद्धान्ताच्या आधारे पोप बोलत होते, त्याचा जनकच त्या वापराला राजी नव्हता. वैज्ञानिक सिद्धान्त हा वैज्ञानिक कसोट्यांवरच टिकावा किंवा पडावा, त्याला धर्माचा टेकू देऊ नये आणि धर्मालाही त्याचा टेकू घेऊ देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी आपले म्हणणे योग्य मार्गाने व्हॅटिकनपर्यंत पोहोचविले. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये रोम येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

हा संयम किती उचित होता, हे त्याच रोमच्या परिषदेत दिसून आले. त्या काळच्या मोजणीनुसार विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. वॉल्टर बाडे यांनी तेथे दाखवून दिले की, दीर्घिकांची अंतरे मानली गेली होती त्याच्या सुमारे दुप्पट आहेत. एका भाषणाच्या अवकाशात विश्वाचे वय दुप्पट झाले. आज ते सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. जी श्रद्धा अशा आकड्याला बांधलेली असेल, तिने प्रत्येक दुरुस्तीबरोबर किती वेळा गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती जगताचा नाही. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे, हे साम्य अनेक व्याख्यानांतून अभिमानाने सांगितले जाते. कालाची इतकी विराट कल्पना करणारी प्रतिभा अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड केल्विन यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षेच सांगत होता. तेव्हा पुराणे खोटी ठरली होती काय? आणि आकडे जुळले म्हणून ती आज खरी ठरली काय? विश्वाला आरंभ आहे असे म्हटले तर त्याला अनुकूल वचन आपल्याकडे सापडते, विश्व अनादि आहे असे म्हटले तर त्यालाही सापडते. फ्रेड होईल आणि त्यांचे सहकारी यांनी १९४८ साली मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धान्त अनादि विश्वाचाच होता. होईल यांचे शिष्य, कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोटाला पर्यायी मांडणीचा पाठपुरावा पुढे दीर्घकाळ केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाकडे झुकला. वाद निरीक्षणांनी पुढे गेला, वचनांनी नव्हे.

ईश्वर नाकारण्यासाठी पदार्थविज्ञान राबविणाऱ्यांची अवस्थाही वेगळी नाही. १९७९ सालचे नोबेल पारितोषिक विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल यांचे एकत्व दाखविल्याबद्दल शेल्डन ग्लॅशो, स्टीव्हन वाइनबर्ग व अब्दुस सलाम यांना मिळाले. वाइनबर्ग ठाम निरीश्वरवादी होते, तर पाकिस्तानने १९७४ साली ज्या अहमदिया पंथाला मुस्लिमेतर ठरविले, त्या पंथाचे सलाम हे निष्ठावान अनुयायी होते. दोघेही स्वतंत्रपणे एकाच सिद्धान्तापाशी पोहोचले. समीकरणाने एकाचा देव हिरावला नाही की दुसऱ्याला दिला नाही. वेदान्ताकडे ओढले गेलेले एर्विन श्रोडिंगर यांचे १९२६ सालचे समीकरणही उपनिषदे न वाचलेल्या विद्यार्थ्याला तेच उत्तर देते.

भारतीय परंपरेला ही मर्यादा नवी नाही. प्रत्येक प्रमाणाचा स्वतःचा विषय असतो, ही आपल्या दर्शनांची शिस्त आहे. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात स्पष्ट म्हटले आहे की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण होणार नाही. दृष्ट जगाबाबत प्रत्यक्षाचा अधिकार मोठा. तेच आचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात ब्रह्म हा निव्वळ अनुमानाचा विषय नाही, असेही ठामपणे सांगतात. वेदांना प्रमाण मानणाऱ्या सांख्य व मीमांसकांनी जगत्कर्त्या ईश्वरावाचून आपली मांडणी केली, तर उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीसाठी तर्काची शिकस्त केली. या वादात कोणाला देहदंड झाला नाही, कोणी परंपरेबाहेर फेकला गेला नाही. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टीच्या उगमाविषयीच्या शंकेतच संपते, आणि त्या शंकेतून सृष्टीचा अधिष्ठाताही सुटत नाही. ज्या परंपरेने आपल्या मूळ ग्रंथातच प्रश्न जपून ठेवला, तिला उत्तरासाठी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहण्याचे कारण काय?

हा विषय केवळ पंडितांचा नाही. आज घरोघरी मुले-मुली अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे शिक्षण घेत आहेत. देवघरापुढे हात जोडणाऱ्या आजीला आणि अभ्यासवर्गातील वक्त्याला ती उद्या प्रश्न विचारणार आहेत. त्यांना पुंजभौतिकी म्हणजेच अद्वैत अशी सोपी समीकरणे दिली, तर वर्गात खरे गणित शिकल्यावर त्या समीकरणाबरोबर ती श्रद्धाही टाकून देतील. दोष त्यांचा नसेल, कच्च्या पायावर इमारत उभारणाऱ्यांचा असेल. त्यांना पदार्थविज्ञान पदार्थविज्ञान म्हणूनच कसून शिकू द्यावे, बोस आणि नारळीकरांसारखे त्यात नवे काही जोडण्याची जिद्द द्यावी. उपासना, चिंतन आणि सदाचरण यांचा अनुभव त्यांनी घरातल्या माणसांच्या जगण्यातून घ्यावा. श्रद्धेची परीक्षा तेथे होते, आणि त्या परीक्षेची तयारी मुलांनी नव्हे, वडीलधाऱ्यांनी करावयाची आहे.