पुराव्याची साखळी

दोस्तांनो, गुप्तहेरांच्या गोष्टी तुम्हाला आवडतात ना? गोष्टीतला गुप्तहेर खोलीत शिरतो, खिशातून भिंग काढतो, जमिनीवरचा एक केस उचलतो आणि क्षणात गुन्हेगाराचं वय, उंची, धंदा सगळं सांगून टाकतो. आपण खूश!

पण त्या केसाचं पुढे काय झालं, हे गोष्टीत कोणी विचारतं का? तो कशात ठेवला? कुणी ठेवला? रात्रभर कुठे होता? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेला तो तोच केस होता कशावरून? न्यायालयात मात्र सगळ्यात आधी हेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं नसतील, तर जगातलं सगळ्यात महागडं यंत्रसुद्धा उपयोगी पडत नाही. आज आपण या प्रश्नांमागचं शास्त्र समजून घेऊ. त्यासाठी रायगड जिल्ह्यात, पेणला जाऊ.

पेण म्हटलं की तुम्हाला गणपतीच्या मूर्ती आठवतील. पांढरे पोह्याचे पापडही आठवतील. विनोबा भावे यांचं जन्मगाव गागोदे याच तालुक्यातलं. त्याच परिसरात गागोदे खुर्द नावाचं गाव आहे. आजूबाजूला डोंगर, झाडी. 2012 सालच्या मे महिन्यात तिथल्या रानात एका अनोळखी माणसाच्या मृतदेहाचे जळालेले अवशेष सापडले. पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवलं. पोलीस आले, डॉक्टर आले. काही हाडं तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेली. उरलेले अवशेष तिथेच जमिनीत पुरले गेले. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली, पण गुन्हा काही दाखल झाला नाही. विषय तिथेच थांबला.

तीन वर्षं गेली. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी एका वेगळ्याच प्रकरणात एका माणसाला पकडलं. त्याच्या चौकशीतून एका तरुण मुलीच्या खुनाची माहिती बाहेर आली. ही मुलगी 2012 च्या एप्रिलपासून कुणाला दिसली नव्हती. ती परदेशी गेली, असाच तिच्या ओळखीच्या अनेकांचा समज होता. मुंबईचे पोलीस गागोदे खुर्दला पोचले. ती जागा पुन्हा खणली गेली. प्रकरण देशभर गाजलं. खटला उभा राहिला आणि तो 2024 सालीही चालूच होता. कुणाची नावं इथे मुद्दामच देत नाही. दोषी कोण, हे ठरवायचं काम न्यायालयाचं. आपला विषय आहे पुरावा.

विचार करा, 2012 मध्ये त्या रानात पुरावा होता. तो बोलायला तयार होता. पण त्याला "तू कोण?" असं शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. म्हणून एक मुलगी तीन वर्षं "अनोळखी" राहिली.

पुरावा बोलतो म्हणजे काय?

फ्रान्समध्ये एडमंड लोकार्ड नावाचे एक डॉक्टर होते. 1910 साली त्यांनी लिऑन शहरात पोलिसांसाठी एक छोटीशी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की प्रत्येक वस्तू दुसरीला काहीतरी देते आणि तिच्याकडून काहीतरी घेते. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात नुसतं डोकावून या. बाहेर आलात की शर्टाच्या बाहीवर शाडूची पूड असणार, आणि आतल्या ओल्या मातीत तुमच्या चपलेचा ठसा! आई लगेच ओळखते ना, "कारखान्यात गेला होतास वाटतं?" आईसुद्धा लोकार्डचाच नियम वापरत असते, बरं का!

हाडंसुद्धा खूप काही सांगतात. वाढीच्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो. वाढ पूर्ण झाली की तो भरून जातो. त्यावरून तरुण माणसाच्या वयाचा अंदाज येतो. कमरेच्या हाडावरून स्त्री की पुरुष हे बहुतेक वेळा कळतं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो. आणि हाडांच्या, दातांच्या आत डीएनए असतो. आपला निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. म्हणून हाडातला डीएनए आईवडिलांच्या डीएनएशी ताडून पाहता येतो. ही ओळख पटवण्याची रीत इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना 1984 साली सापडली. भारतात हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. लालजी सिंग यांनी ती रुजवली. गागोदे खुर्दच्या अवशेषांची तपासणीही 2015 साली मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली.

मग जागेवर करायचं काय?

पहिला नियम: हात लावायचा नाही! जागेला दोरी बांधायची. आत जायचा-यायचा एकच रस्ता ठरवायचा. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, हे लिहून ठेवायचं. कारण लोकार्डचा नियम पोलिसांनाही लागू आहे आणि बघ्यांनाही. दहा माणसं आत शिरली की वीस चपलांचे ठसे वाढले.

दुसरा नियम: आधी टिपा, मग उचला. वस्तू जिथे आहे तिथेच तिचे फोटो काढायचे. आधी लांबून, मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. नकाशा काढायचा. झाडापासून किती मीटर, रस्त्यापासून किती मीटर, सगळं मोजायचं. मग दोन साक्षीदारांसमोर पंचनामा लिहायचा. "पंचनामा" हा शब्द आपण सहज वापरतो. "आता तुझा पंचनामा करतो" असं दादा दरडावतोही! पण त्याचा खरा अर्थ हा, की पंचांनी डोळ्यांनी पाहिलं ते तिथल्या तिथे कागदावर उतरवणं. जागा उद्या बदलेल. पाऊस येईल, गवत वाढेल. कागद बदलत नाही.

मातीतला पायाचा ठसा उचलून नेता येत नाही. मग त्यात पातळ कालवलेलं प्लॅस्टर ऑफ पॅरिस हळूच ओततात. ते घट्ट झालं की चपलेच्या तळव्याची हुबेहूब प्रतिमा हातात येते. साच्यातून गणपती काढणाऱ्या पेणकरांना हे वेगळं शिकवायला नको!

तिसरा नियम: प्रत्येक वस्तू वेगळी बांधा, आणि योग्य कशात बांधा. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा नाही. का, ते कोकणातल्या मुलांनी सांगावं. पावसात भिजलेला शाळेचा शर्ट दोन दिवस पिशवीत राहिला तर काय होतं? कुबट वास, काळे ठिपके! ओलाव्यात बुरशी आणि जंतू वाढतात आणि ते डीएनए खाऊन टाकतात. म्हणून असा कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. रॉकेलचा वास येणारी चिंधी मात्र हवाबंद डब्यातच हवी, नाहीतर रॉकेल उडून जाईल. म्हणजे एकच युक्ती सगळीकडे चालत नाही.

रोह्याच्या स्टेशनवर

आता चौथा नियम, आणि आजच्या लेखाचा गाभा.

तुमच्यापैकी कुणी मुंबईहून रेल्वेने कोकणात गेलं असेल तर पेण मागे टाकून गाडी रोह्याला येते. रोह्यापर्यंतची लाइन मध्य रेल्वेची. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, ती थेट मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत. डब्यातल्या आपल्याला काही कळत नाही. पण रेल्वेला ते नक्की माहीत असतं. इथपर्यंत जबाबदारी त्यांची, इथून पुढे आमची. मधला एक मीटर रूळही बिनमालकाचा नाही.

पुराव्याचा प्रवास असाच व्हायला हवा. पाकीट बंद करून त्यावर लाखेचं सील लावतात. पंचांच्या सह्या घेतात. वर क्रमांक, तारीख, वेळ, जागा. मग ते ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात जमा होतं. तिथून शिपाई ते प्रयोगशाळेत नेतो. "कुणी दिलं, कुणी घेतलं, किती वाजता, सील शाबूत होतं का" हे प्रत्येक ठिकाणी लिहिलं जातं. ही झाली पुराव्याची साखळी. साखळीतली एक कडी निसटली की आरोपीचे वकील विचारणारच, "मधल्या दोन दिवसांत हे पाकीट कुणी उघडलं नाही कशावरून?" आणि तो प्रश्न योग्यच आहे! उद्या एखाद्या निरपराध माणसावर खोटा आळ आला, तर हीच साखळी त्यालाही वाचवते.

आता पुन्हा आपल्या खटल्याकडे. 2012 साली पेण पोलिसांनी उचललेली ती हाडं तुम्हाला आठवतात ना? 2024 च्या जून महिन्यात ती न्यायालयात दाखवायची वेळ आली, तेव्हा सरकारी पक्षाने सांगितलं की हाडं सापडत नाहीत. पुढच्याच महिन्यात कळलं, ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात, मुद्देमालाच्या खोलीत होती. हाडं मिळाली, हे बरं झालं. पण पाहा, रानात पहिल्या दिवशी नोंद जितकी महत्त्वाची, तितकीच ती बारा वर्षांनी कपाटातही महत्त्वाची. शास्त्र कितीही पुढे गेलं तरी वहीतल्या एका ओळीवाचून त्याचं अडतं.

कायद्यानेही आता हे मनावर घेतलंय. 1 जुलै 2024 पासून देशात नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी स्वतः जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, असं त्यात म्हटलंय. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे.

घरी करून पाहा: रस कुणी प्यायला?

चार मित्र जमवा. साहित्य: स्टीलचा किंवा काचेचा पेला, टाल्कम पावडर, मऊ ब्रश, सेलोटेप, काळा कागद, एक पाकीट, एक वही.

1. चौघांपैकी एकाने, इतरांना न दिसता, कोरडा पेला हातात घट्ट धरून परत ठेवायचा.
2. पेल्यावर अगदी थोडी पावडर भुरभुरवा. ब्रशने हलकेच झटका. ठसा पांढरा उमटेल. पावडर नाकात जाऊ देऊ नका.
3. सेलोटेप ठशावर चिकटवून उचला आणि काळ्या कागदावर लावा. कागद पाकिटात घालून बंद करा. झाकणावर सही करा.
4. पाकीट चौघांच्या हातून फिरवा. वहीत प्रत्येकाने लिहायचं: कुणाकडून घेतलं, किती वाजता, सही.
5. शेवटी चौघांच्या बोटांचे ठसे याच रीतीने घेऊन ताडून पाहा. शंख आहे, चक्र आहे की नुसती कमान?

आता हाच खेळ वही न ठेवता खेळा, आणि एकाला गुपचूप पाकीट बदलायला सांगा. ठसा अगदी स्वच्छ आला तरी भांडण मिटतं का, बघा!

आईबाबांसाठी दोन शब्द: रानात, नदीकाठी, रस्त्याच्या कडेला मुलांना काही संशयास्पद दिसलं तर "तू कशाला गेलास तिथे?" असं ओरडू नका. हात न लावता, फोटो पुढे न पाठवता, तिथून बाजूला व्हायचं आणि 112 वर कळवायचं, एवढं शिकवून ठेवा. मूल खरं सांगायला घाबरलं, तर साखळीची पहिलीच कडी तुटते.

आणि दोस्तांनो, जाता जाता एक कोडं. एका घरात चोरी झाली. खिडकीची काच फुटलीय. काचेचे सगळे तुकडे खिडकीबाहेर अंगणात पडलेत, घरात एकही नाही. घरमालक म्हणतो, "चोराने बाहेरून दगड मारून काच फोडली." तुम्हाला पटतं का? का नाही? विचार करून ठेवा. उत्तर पुढच्या अंकात!