पेढी आणि प्रपंच : प्रिंटरचा पडता

घरातूनच पेढी चालविणाऱ्या कुटुंबांत हल्ली छपाई, झेरॉक्स व स्कॅनिंग अशी तिन्ही कामे करणारा साधा इंकजेट प्रिंटर घेण्याकडे कल आहे. किंमत बेताची, जागा थोडी. परंतु भाडे-हमाली धरून प्रत्येक नगाचा पडता काढणारा व्यापारी येथे मात्र केवळ खरेदीची किंमत पाहतो, याचे नवल वाटते.

खरा खर्च शाईचा. समजा, यंत्र 4,000 रुपयांचे आहे आणि 900 रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये 150 पाने निघतात. म्हणजे पानामागे 6 रुपये. मालाच्या जीएसटी बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात : ग्राहकाची, वाहतूकदाराची व आपली. महिन्याला 40 बिले म्हणजे 120 पाने, अर्थात 720 रुपये. याउलट शाईची टाकी असलेले यंत्र 12,000 रुपयांना पडले आणि 500 रुपयांच्या बाटलीत 4,000 पाने निघाली, तर पान 13 पैशांच्या आत येते. जास्तीचे 8,000 रुपये वर्ष भरण्याआधीच वसूल होतात. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानदाराकडील भाव घालून हिशेब मांडावा. कार्ट्रिजवर छापलेली पानांची संख्या हलक्या मजकुराच्या पानांवर, सलग छपाई करून मोजलेली असते, हेही ध्यानी ठेवावे. शिवाय तिन्ही रंगांचे कार्ट्रिज एकच असेल, तर एक रंग संपताच उरलेले दोन वाया जातात.

दुसरी बाब वापराची. पर्युषणाचे आठ किंवा दशलक्षणाचे दहा दिवस यंत्र बंद राहिल्याने सहसा बिघडत नाही. महिना-दोन महिने ते तसेच पडून राहिले, की शाई वाळून बारीक छिद्रे बुजतात. मग सफाईच्या आवर्तनात पुन्हा शाईच खर्ची पडते. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे आणि यंत्र भिंतीवरील बटणाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावे. तेव्हाच छपाईचे तोंड नीट झाकले जाते.

बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. म्हणून काळी शाई पिगमेंट प्रकारची आहे ना, हे विचारावे. डाय प्रकारची शाई पावसाळी ओलीत पसरते व उन्हात फिकी होते. केवळ काळी बिलेच काढावयाची असतील, तर लेझर प्रिंटर अधिक सोयीचा. त्यात वाळण्याचे भय नाही.

स्कॅनरच्या सपाट काचेचा एक उपयोग मात्र आम्हांस विशेष वाटतो. जुन्या वह्यांची पाने, घरातील जीर्ण कागदपत्रे आपोआप कागद ओढणाऱ्या यंत्रात घालणे धोक्याचे. काचेवर ती अलगद ठेवता येतात. पोथीची सुटी पानेही. बांधीव वही मात्र दाबून सपाट करू नये, शिवण उसवते.

महिन्याला जेमतेम पंधरा-वीस पाने लागत असतील, तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आजही स्वस्त पडतो.