दोन घरचा पाहुणा

दिवाळी जवळ आली की मला आमच्या आक्काचा एक प्रश्न आठवतो. आक्का म्हणजे माझी चुलत बहीण. तासगाव तालुक्यातल्या कोरडवाहू गावात दिलेली. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. ओवाळून झाले, ताटात कानवला पडला, आणि आक्का म्हणाली, "तू पेपरात लिवतोस, तुला ठावं असंल. सूनबाईनं दोन आठवडे बांधावर माती उचलली, पैसं अजून न्हाईत. रोजगार सेवक म्हनतो, वरनं आलं न्हाईत. वर म्हंजी कुठं रं? मुंबईत का दिल्लीत?"

वाचकहो, कानवला माझ्या घशातच अडकला.

एके काळी याचे उत्तर सोपे होते. 1972 च्या दुष्काळात आक्का परकरी पोर होती. आईबरोबर खडी फोडायला जाई आणि सुकडी खाऊन येई. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. 'मागेल त्याला काम' ही कल्पना मांडली तीही याच तालुक्यातल्या वि. स. पागे यांनी. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पैशासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. पगारातून तो कापला जाई तेव्हा आम्ही कचेरीत कुरकुरत असू, पण पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला हे कळत होते. खोटी हजेरी तेव्हा नव्हती, असे मी म्हणणार नाही. मात्र ओरडायचे कुणाच्या दारात, हे मजुराला ठाऊक होते.

पुढे 2005 मध्ये दिल्लीने सगळ्या देशासाठी कायदा केला. 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत तो सुरू झाला आणि 2008 मध्ये सर्वत्र पोचला. दर कुटुंबाला वर्षाला 100 दिवस काम. वाटणी मोठी हुशारीची होती. अकुशल मजुरी सगळी दिल्लीने द्यायची, सामानाच्या खर्चाचा चौथा हिस्सा राज्याने उचलायचा, आणि मागूनही 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता राज्याने भरायचा. म्हणजे आळस करील त्या राज्याच्या खिशाला चाट! महाराष्ट्राने तर 100 दिवसांपुढचे काम स्वतःच्या खर्चाने देण्याचे ठरवले. दोन सरकारांनी एका ताटात वाढावे, ते असे.

पण वाढायला उशीर झाला तर? नियम असा होता की थकलेल्या मजुरीवर शंभर रुपयांमागे दिवसाला पाच पैसे भरपाई द्यायची. दोन हजार थकले तर दिवसाचा एक रुपया. त्यात चहासुद्धा येत नाही!

आणि दोन्ही घरांत भांडण जुंपले म्हणजे काय होते, ते बंगालने पाहिले. तिथे गैरव्यवहार झाले म्हणून केंद्राने मार्च 2022 पासून या योजनेचा पैसा रोखला. जून 2025 मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने 1 ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करा म्हणून सांगितले. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पैसे खाणारा जरूर पकडावा. पण तीन वर्षांवर काम बंद राहिले ते पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईचे. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस 125 केले आहेत आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी 60 ला 40 अशी ठरवली आहे. पंचवीस दिवस वाढले, याचा आनंदच आहे. मात्र मजुरीतही राज्याचा वाटा आला, म्हणजे आता एका मजुरीला दोन खिसे. आपली म्हण सांगते, दोन घरचा पाहुणा उपाशी.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. कामावरच्या फलकावर मजुरीच्या दराखाली आणखी एक ओळ लिहावी: पैसे अमुक तारखेस मिळतील, न मिळाल्यास अमुक अधिकारी जबाबदार. तारीख टळली तर राज्याने आधी पैसे द्यावेत आणि दिल्लीशी हिशेब मागाहून करावा. दोन भावांनी आईचा औषधपाण्याचा खर्च वाटून घेतला, तर एकाची मनिऑर्डर येईपर्यंत दुसरा आईचे औषध बंद ठेवतो काय?

त्या भाऊबीजेला मला हे सुचले नव्हते. "येतील गं," म्हणालो आणि ओवाळणीत दोन नोटा जास्त टाकल्या. आक्काने त्या उचलून माझ्या हातात परत ठेवल्या.

"ही ओवाळणी माझी," ती म्हणाली. "तिची मजुरी येगळी."