चेहऱ्याखालची गादी

मालिशचे टेबल घेताना आपण बारकाईने चौकशी करतो. लाकूड कोणते, वजन किती पेलते, घडी होते का, उंची बदलता येते का. तेलाच्या बाबतीत तर आपल्यातले बहुतेक जण फारच चोखंदळ. डोक्याच्या बाजूला बसणारी नालेच्या आकाराची ती लहान गादी मात्र टेबलाबरोबर जी येते तीच वर्षानुवर्षे चालते. रेक्झिन फाटले की जवळचा गादीवाला नवे चढवून देतो. आतला फोम बसला आहे का, हे बहुधा कोणी पाहत नाही. पालथ्या झोपलेल्या माणसाची मान सुटणार की नाही, हे आपल्या हातांच्या आधी ही गादी ठरवते. म्हणून या महिन्याचे संपादकीय तिच्यासाठी.

गालाच्या हाडाला कड टोचू लागली की माणूस नकळत डोके किंचित उचलून धरतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. कवटीच्या तळाचे बारीक स्नायू आणि ट्रॅपिझियसचा वरचा भाग सतत ताणलेला राहतो, आणि नेमके तेच स्नायू सोडवायला आपण उभे असतो. ते सुटत नाहीत म्हणून आपण दाब वाढवतो. दाब वाढला की चेहरा आणखी रुततो आणि मान आणखी आवळते. ‘यांची मान फारच कडक आहे’ असा शेरा कार्डावर लिहिण्याआधी फेस क्रेडलकडे, म्हणजे ही गादी आणि तिच्याखालच्या सांगाड्याकडे, एकदा पाहायला हवे.

साधा हिशेब मांडू. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. हा सगळा भार चाळीस चौरस सेंटिमीटरवर आला तर दर चौरस सेंटिमीटरला १२५ ग्रॅम पडतात. तोच भार शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरला तर ५० ग्रॅम. गादीचे काम म्हणजे ही टेकण्याची जागा वाढवणे. ती वाढवायची तीही कपाळ आणि गालाची हाडे इथेच. डोळे, नाकाच्या दोन्ही बाजू, जबड्याचा सांधा आणि हनुवटी यांच्यावर भार येता कामा नये.

यातल्या डोळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो प्रश्न सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया रुग्णाला पालथे ठेवून होते. तिथे डोळ्यांवर दाब येत नाही ना, हे भूलतज्ज्ञ पुन्हा पुन्हा तपासतात, कारण नालेच्या आकाराच्या आधारावरून डोके सरकून बुबुळावर दाब आल्याने दृष्टी गेल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. आपल्या टेबलावरचा माणूस भूल दिलेला नसतो आणि तो तासन्‌तास तसा पडूनही राहत नाही, त्यामुळे धोका त्या पातळीचा नाही. पण चांगली मालिश चालू असताना माणूस गाढ झोपतो आणि डोळ्यावर आलेला दाब त्याला जाणवत नाही, ही शक्यता आपल्याही खोलीत आहे.

दुसरी बाब काचबिंदूची. नुसते पालथे झोपल्यानेही डोळ्यातला दाब वाढतो. ज्यांच्या डोळ्यातला कोन अरुंद असतो त्यांच्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे एक जुनी चाचणी आहे. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत तासभर पालथे ठेवायचे आणि दाब किती चढतो ते मोजायचे. आपली मंद दिव्याची खोली आणि आपले पाऊण-एक तासाचे सत्र त्या चाचणीच्या किती जवळ जाते ते पाहा. म्हणून नोंदणीच्या कागदावर ‘काचबिंदू आहे का, डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे का’ हा प्रश्न छापलेलाच असावा. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला कुशीवर किंवा बसवून मालिश द्यावी आणि डॉक्टरांना विचारून यायला सांगावे. सत्रानंतर कोणी डोळा दुखतो, दिव्याभोवती वलये दिसतात, मळमळते असे म्हणाले तर त्यांना घरी न पाठवता तडक दवाखान्यात पाठवा.

आता गादीकडे येऊ. दुकानात आपण बोटाने दाबून ‘मऊ आहे’ म्हणतो आणि घेतो. त्या दाबण्यातून काही कळत नाही. फार मऊ फोम बोटाखाली छान वाटतो, पण डोक्याच्या वजनाने पाचव्या मिनिटाला तळाच्या फळीला टेकतो. फोमवाल्याकडे डेन्सिटी विचारा. ३२ किंवा ४०, हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक असे नव्हे, तो टिकाऊ असतो आणि लवकर बसत नाही. मऊ-कडकपणा वेगळा सांगावा लागतो. गादी बनवून घेणार असाल तर खाली ४० डेन्सिटीचा घट्ट थर आणि वर तीन-चार सेंटिमीटरचा मऊ थर, अशी दोन थरांची रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. आतली कड कापून गोल करून घ्या. काटकोनात कापलेली कडच डोळ्याच्या कोपऱ्याशी आणि गालाला टोचते.

मेमरी फोमबद्दल वाचक नेहमी विचारतात. चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये नासासाठी हा फोम विकसित केला. तो शरीराच्या उबेने मऊ होतो आणि चेहऱ्याचा आकार घेतो. भार पसरवण्यात तो साध्या फोमपेक्षा नक्कीच सरस आहे. पण त्याच गुणात अडचणही आहे. जानेवारीत सकाळी सातला नाशिकच्या किंवा नागपूरच्या खोलीत तो थंड आणि कडक असतो, पहिल्या ग्राहकाला तो दगडासारखा लागतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत उलटे होते. तो उष्णता धरून ठेवतो आणि रेक्झिनखाली चेहऱ्याला घाम फुटतो. एसी असेल तर मेमरी फोम जरूर घ्या, हिवाळ्यात सत्राआधी त्यावर गरम टॉवेल ठेवा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट, बिगरएसी खोलीसाठी दोन थरांचा साधा फोम बरा. आणखी एक गोष्ट. मऊ फोमवर कव्हर किंवा रेक्झिन ताणून बसवले तर चेहरा कापडावरच तरंगतो, फोमपर्यंत पोचतच नाही. महागडी गादी अशा एका घट्ट कव्हरने वाया जाते.

गादीइतकाच महत्त्वाचा तिच्याखालचा सांगाडा. डोक्याकडची बाजू वर राहिली की मान मागे वाकते आणि सगळा भार कपाळावर येतो. ती फार खाली गेली की चेहरा सरकतो आणि भार डोळ्यांखाली उतरतो. हनुवटी किंचित छातीकडे वळलेली आणि मानेचा मागचा भाग लांब झालेला, ही जागा शोधायची. छाती भरदार असलेल्या बाईसाठी किंवा पोट सुटलेल्या गृहस्थांसाठी क्रेडल वर घ्यावे लागते, कारण त्यांचे धड टेबलापासून उचललेले असते. पाच सेंटिमीटरची जुनी गादी काढून आठ सेंटिमीटरची नवी बसवली तर डोके तीन सेंटिमीटर वर जाते. तेव्हा सांगाडा तेवढाच खाली घ्या, नाहीतर नवी गादी घेऊन मान दुखायला लागली अशी तक्रार येणार. सुताराकडून भोक पाडून घेतलेल्या टेबलांना ही सोय नाही. तिथे छातीखाली पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल घालून उंची जुळवावी लागते.

सत्र संपल्यावर ग्राहक उठून बसला की त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. कपाळावर आणि गालांवर रुंद, फिकट लाली असेल आणि चहा पिईपर्यंत ती जात असेल तर सगळे ठीक. कपाळावर एकच खोल आडवा वळ म्हणजे कोन चुकला. गालावर बारीक तीक्ष्ण रेघ म्हणजे आतली कड किंवा कव्हरची शिवण टोचली. पापणीखाली वळ दिसला तर पुढचा ग्राहक घेण्याआधी क्रेडल तपासलेच पाहिजे. इतकी स्पष्ट माहिती दुसरे कोणतेही उपकरण आपल्याला देत नाही.

स्वच्छतेचे थोडक्यात. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरातून पुढे राज्यभर पसरलेली डोळ्यांची साथ आपल्याला आठवत असेल. डोळे येण्यामागे बऱ्याचदा अॅडिनोव्हायरस असतो आणि तो कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस टिकतो. म्हणून माणसागणिक धुतलेले नवे कव्हर, यात तडजोड नको. बनियनच्या सुती कापडाची, इलॅस्टिक लावलेली कव्हरे शिवून घ्या. ती ताणली जातात, घाम टिपतात आणि गरम पाण्यात धुता येतात. स्पिरिटने रोज पुसल्यास रेक्झिनला तडे जातात, तड्यातून तेल फोममध्ये उतरते आणि महिन्याभरात खवट वास येऊ लागतो. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून गादी पूर्ण कोरडी करा. फोमला एकदा वास लागला की तो फेकायचा.

ग्राहक पालथा होण्याआधी चमकी, झुमके, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, उंच अंबाडा याबद्दल विचारून घ्या. मग हात लावण्याआधी आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. ‘मावशी, बरे वाटते ना?’ असे विचारले तर मावशी ‘हो’च म्हणणार, आपल्याकडची माणसे भिडस्त असतात. ‘मावशी, डोळ्यावर दाब येतो का? गालाला काही टोचते का?’ असे नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

या आठवड्यात एक काम कराच. आपल्याच टेबलावर, आपल्याच क्रेडलमध्ये, पूर्ण वीस मिनिटे पालथे पडा आणि सहकाऱ्याला पाठीवर नेहमीच्या दाबाने काम करायला सांगा. उठल्यावर गादीची जाडी पट्टीने दोन ठिकाणी मोजा, गाल टेकतो तिथे आणि बाहेरच्या न वापरलेल्या कडेला. गालाच्या जागी फोम बसलेला दिसला तर रेक्झिन कितीही नवे असो, गादी बदला.